शीर्षकातील कोळसा

'कर्करोगावर आता कोळशाची मात्रा' हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. कर्करोगाच्या पेशींपर्यंत औषध वाहून नेण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या सच्छिद्र कार्बन कणांसारखा विषय मराठीत इतका सोपा करून मांडल्याचा आनंद झाला. शीर्षक मात्र खटकले. या कणांची छिद्रे साधारण २ ते ५० नॅनोमीटरची असतात. त्यामुळे एका ग्रॅममागे शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर औषध भरपूर साठते, हे खरेच. पण प्रयोग बशीतल्या पेशींवर होतो तेव्हा तिथे यकृत नसते, प्लीहाही नसते. रक्तात सोडलेले असे कण मोठ्या प्रमाणावर याच दोन अवयवांतील भक्षक पेशी गिळतात आणि कार्बन शरीरात सहजासहजी विघटित होत नाही. लेखात हा अडथळा शेवटच्या एका ओळीत उरकला आहे.

मी खारघरला राहते. टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था इथेच असल्याने गावोगावचे रुग्ण आणि नातेवाईक रिक्षात, चहाच्या टपरीवर भेटतात. सोमवारी एका गृहस्थांनी पुरवणीचे पान पुढे करून विचारले, "मेडिकलमधल्या कोळशाच्या गोळ्या चालतील का?" त्या गोळ्या पोटात इतर औषधेही धरून ठेवतात, म्हणजे चालू उपचारातल्या गोळीचाच गुण जायचा! 'प्रयोगशाळेतील पेशींवर' हे दोन शब्द शीर्षकातच हवे होते. जागा नव्हती, तर निदान 'मात्रा' वगळता आली असती.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, खारघर, नवी मुंबई