कॅसेट अर्ध्यात थांबली, तिथे शोधा वाईट सिनेमा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत 'आजवर पाहिलेला सर्वांत वाईट सिनेमा' या विषयावर वाचकांची पत्रं येत आहेत. मी ती एकूण एक वाचली. आमच्या सोसायटीच्या खाली संध्याकाळी बाकावर बसणाऱ्या मंडळींतही हाच विषय चालू आहे, आणि परवा तर त्यावरून दोन शेजाऱ्यांनी एकमेकांशी अबोला धरला. वाद होतोय याचा मला आनंदच आहे. लोक सिनेमावरून अजून भांडतात, म्हणजे तो त्यांच्या मनाला लागतो. पण ही चर्चा ज्या वळणाने चालली आहे ते मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. १९८५च्या सुमारास मी आणि माझ्या यजमानांनी वाशीत, सिडकोच्या वसाहतीला लागून असलेल्या एका गाळ्यात व्हिडिओ लायब्ररी सुरू केली आणि हा धंदा बसेपर्यंत चालवली. तेव्हाची वाशी वेगळी होती. रेल्वे आली ती १९९२मध्ये. तोवर नवा सिनेमा बघायचा तर बसने खाडीपूल ओलांडून चेंबूर नाहीतर सायन गाठायचं, आणि परतीची बस चुकेल या धास्तीने शेवट सोडून उठायचं. त्यामुळे शनिवारी व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट भाड्याने आणून रात्र जागवायची, ही इथल्या घरांची मोठी चैन. एकेका खोलीत शेजारपाजारची वीस-वीस माणसं दाटीवाटीने बसायची. आमच्याकडे सरकारी नोकरदार यायचे, शिक्षक यायचे, तुर्भ्याच्या मार्केटमधले माथाडी यायचे. कोणाला काय आवडतं आणि कोण कशाला कंटाळतं, हे मी गल्ल्यावर बसून वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

'कॅसेट रिवाइंड करून आणावी' अशी पाटी आम्ही ठळक अक्षरांत लावली होती. निम्मे लोक तरीही तशीच आणून द्यायचे. व्हीएचएस कॅसेटला खिडकी असते, त्यातून डावीकडच्या आणि उजवीकडच्या चकतीवर किती टेप आहे ते दिसतं. सगळी टेप उजवीकडे गेलेली असली की सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. दोन्हीकडे सारखी असली की मध्येच बंद केला. सुरुवातीला मी याकडे लक्ष दिलं नाही. मग लक्षात आलं की काही कॅसेट वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या आठवड्यांत, साधारण एकाच जागी थांबून परत येतात. तेव्हापासून अशी अर्धवट कॅसेट आली की रजिस्टरमध्ये गिऱ्हाइकाच्या नावासमोर मी लाल पेन्सिलने खूण करायला लागले. नवीन प्रती कोणत्या सिनेमाच्या घ्यायच्या, हे ठरवायला ती उपयोगी पडायची.

अर्ध्यात थांबलेली प्रत्येक कॅसेट वाईट सिनेमाचीच असते असं नाही. वीज जाते, पोरं झोपतात, पाहुणे येतात, व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड खराब झालं की चित्रच दिसत नाही. म्हणून मी विचारायची, 'का हो, अर्ध्यात का सोडला?' माणसं मोकळेपणाने सांगायची. 'मेरा नाम जोकर'चंच घ्या. १९७०मध्ये आला तेव्हा पडला, राज कपूर कर्जात गेले आणि 'बॉबी'ने त्यांना बाहेर काढलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मूळ सिनेमा चार तासांहून मोठा. त्याची कॅसेट आमच्याकडे नेहमी अर्धवट यायची, पण लोक काउंटरवर यायचे ते आणखी एका दिवसाचं भाडं हातात घेऊन. उरलेला बघायचाय म्हणायचे. ज्याच्यासाठी माणूस पदरचे पैसे पुन्हा मोजतो, त्याला कंटाळवाणा म्हणा हवं तर, वाईट कसा म्हणायचा?

आता आपल्या वाचकांनी हिरिरीने दिलेली नावं बघू. सर्वांत जास्त पत्रं 'गुंडा'वर आहेत. १९९८चा, कांती शहांचा, मिथुन चक्रवर्तींचा. यमक जुळवलेले संवाद, एकामागून एक हाणामाऱ्या, कशाचा कशाला पत्ता नाही, ही सगळी टीका खरी आहे. पण आमच्या दुकानात असल्या सिनेमांच्या कॅसेटची सगळी टेप कायम उजवीकडे असायची, आणि पुढच्या रविवारी तीच कॅसेट पुन्हा मागायला माणूस हजर. त्या वर्षांत मिथुन उटीत राहून भराभर कमी खर्चाचे सिनेमे करत होते. निर्मात्याचे पैसे सुटायचे, गावोगावच्या छोट्या थिएटरांना दर महिन्याला काहीतरी लावायला मिळायचं. आठवडाभर पोती वाहिलेला माथाडी रविवारी तो बघायचा तेव्हा त्याला आपण काय बघतोय हे नीट माहीत असायचं. त्याला कोणी फसवलेलं नव्हतं. याच नटाला 'मृगया'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि २०२४मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. मला या याद्यांतली एक गोष्ट खटकते ती इथेच. ज्यांच्या करमणुकीचा हा सिनेमा होता, त्यांची पत्रं पुरवणीत एकही नाहीत. त्यांच्या आवडीला हसणाऱ्यांची मात्र आहेत.

'शोले' पुन्हा करायला गेलेल्या २००७च्या सिनेमाचं नावही बऱ्याच जणांनी घेतलं आहे. तो राग 'शोले'वरच्या प्रेमातून आलेला आहे, त्यावर मी वेगळं काही म्हणणार नाही.

एका वाचकाने 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या १९५०च्या दशकातल्या अमेरिकन सिनेमाला जगातला सर्वांत वाईट सिनेमा म्हटलं आहे. १९८०मध्ये मेडवेड बंधूंच्या पुस्तकात वाचकांच्या मतांवरून तो किताब त्याला मिळाला, तेव्हापासून तो चिकटून आहे. पत्र वाचल्यावर मी नातवाला सांगून तो मिळवला आणि त्याच्या शेजारी बसून अथपासून इतिपर्यंत पाहिला. स्मशानातले दगड पुठ्ठ्यासारखे हलतात. एकाच प्रसंगात दिवस असतो आणि क्षणात रात्र होते. बेला लुगोसी हा नामवंत नट त्याचे थोडेसेच तुकडे चित्रित झाले असताना वारला, तर दिग्दर्शक एड वुडने दुसराच माणूस, तोही व्यवसायाने मणक्यांवर उपचार करणारा, तोंडावर झगा धरून त्याच्या जागी फिरवला. हे सगळं पाहताना नातू खूप हसला. मलाही हसू आलं. पण त्या दिग्दर्शकाकडे पैसे नव्हते, मुख्य नट गेला होता, तरी सिनेमा पुरा करायचाच हा ध्यास प्रत्येक दृश्यात दिसतो. आम्ही दोघंही शेवटपर्यंत जागचे हललो नाही. माझ्या रजिस्टरात याच्यासमोर लाल खूण झाली नसती.

उलटं उदाहरण 'अंदाज अपना अपना'चं. १९९४मध्ये थिएटरात तो चालला नाही. पुढे घराघरांत, कॅसेटवर आणि टीव्हीवर बघून बघून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आमच्याकडची प्रत तर इतकी फिरली की चार-पाच ठिकाणी पांढऱ्या रेघा यायला लागल्या, तरी मुलं म्हणायची, काकू, तीच द्या, आम्हाला संवाद पाठ आहेत. पहिल्या आठवड्यात त्याच्यावर शिक्का मारणारे आज कोणाला आठवतात?

मग माझ्या लाल खुणा कुठे पडायच्या? पुष्कळशा अशा सिनेमांपुढे, ज्यांची नावं आज मलाही रजिस्टर उघडल्याशिवाय सांगता येणार नाहीत. एखादा सिनेमा गाजला की वर्षभरात त्याच्यासारखे दहा यायचे. तेच दोन भाऊ, तीच आजारी आई, उसन्या चालीची गाणी. लोक दुसऱ्या गाण्यापाशी बंद करायचे आणि तक्रारही करायचे नाहीत. वादात त्यांची नावं निघत नाहीत, कारण वाद घालण्याइतकंही त्यात काही नसतं. त्यांना मी वाईट म्हणते, पण सर्वांत वाईट म्हणणार नाही.

सर्वांत वाईट कोणता, याचं माझं उत्तर वेगळं आहे. नव्वदच्या दशकातला एक मराठी विनोदी सिनेमा. चांगला चाललेला. आमच्याकडे सानपाड्याहून एक बाई यायच्या, सोबत त्यांची शाळकरी मुलगी. कॅसेट निवडायची ती मुलगीच. रॅकपुढे उभी राहून एकेक डबी उलटून मागचं चित्र बघायची, आणि पाहिजे ती सापडली की बोलायची नाही, बोट दाखवायची. ती बोलताना अडखळायची, म्हणून. हा सिनेमाही तिनेच निवडला होता. दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच आल्या. कॅसेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, 'दुसरी द्या. ही घरात नको.'

खिडकीतून पाहिलं तर जेमतेम पाऊण तास झाला होता. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी दुकानातल्या मशीनमध्ये ती कॅसेट घातली, थोडी मागे नेली आणि सुरू केली. मुलगी दाखवायचा प्रसंग होता. पाहुणे बसलेले, नवरीमुलगी पोह्यांच्या बशा घेऊन येते, नाव विचारतात. ती तोतरी. कॅमेरा तिच्या ओठांवर जातो आणि तिथेच थांबतो. ती नाव सांगायचा प्रयत्न करते आणि प्रत्येक अडखळण्यावर मागे टिमकी वाजते. टिमकी, ओठ, पुन्हा टिमकी. पाहुणे पोटं धरून हसतात, तिचा बापही हसतो, आणि मग नायक तिची नक्कल करतो. चांगली दोन-तीन मिनिटं हे चालतं. पुढे सिनेमात त्या मुलीचं काहीही होत नाही. ती पुन्हा येतच नाही. तेवढ्यासाठीच तिला आणलेलं.

या सिनेमाचं चित्रीकरण स्वच्छ होतं. नट कसलेले, संकलन नेटकं, पैसा पुरेसा. दगड हलत नव्हते. ज्यांनी तो प्रसंग लिहिला, चित्रित केला, टिमकी कुठे वाजवायची ते ठरवलं, त्यांना आपलं काम उत्तम येत होतं. वीस माणसांच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या पोरांसोबत बसून, त्या मुलीने तो पाऊण तास कसा काढला असेल?

मी ती कॅसेट रॅकवरून काढली. यजमानांना ते पटलं नाही. चालणारा माल आहे, आपण न्यायाधीश नाही, असं त्यांचं म्हणणं. आमची चांगलीच बोलाचाली झाली. शेवटी ती काउंटरखाली ठेवायची आणि कोणी नाव घेऊन मागितली तरच द्यायची, असं ठरलं. मागणारे येत राहिले. देताना दरवेळी माझा हात जड व्हायचा.

कोणी म्हणेल, असे प्रसंग आपल्या लाडक्या सिनेमांतही सापडतील. काळ्या मुलीवर, जाड्या बाईवर, बहिऱ्या म्हाताऱ्यावर विनोद कोणी केला नाही? मान्य आहे, आणि म्हणूनच नुसती नावं छापून भागणार नाही असं मी म्हणते. अमेरिकेत १९८१पासून वाईट सिनेमांना 'रॅझी' देतात. त्यांच्या पहिल्याच यादीत 'द शायनिंग'साठी स्टॅनली कुब्रिक यांचं आणि नायिका शेली ड्युवल यांचं नाव होतं. आज तो सिनेमा अभ्यासाला लावतात, आणि ड्युवल यांचं नामांकन २०२२मध्ये मागे घ्यावं लागलं. २०२३मध्ये तर त्यांनी बारा वर्षांच्या मुलीचं नाव वाईट अभिनेत्रींच्या यादीत घातलं, आणि लोकांनी धारेवर धरल्यावर माफी मागून काढलं. नावं ठेवायची एकदा सवय लागली की समोर कोण आहे हे दिसेनासं होतं. आपल्याही पुरवणीत गेल्या रविवारी एका बालकलाकाराला 'सहन न होणारं कार्टं' म्हटलेलं मी वाचलं. ते मूल आता मोठं झालं असेल, आणि मराठी वाचत असेल.

म्हणून संपादक महोदय, एक विनंती. ही मालिका बंद करू नका. उलट वाचकांना सिनेमाच्या नावाखाली दोन ओळी जास्त लिहायला सांगा: कोणत्या प्रसंगाला उठलात, आणि का उठलात. ज्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचे तुकडे पाहून मत बनवलं आहे, त्यांची पत्रं बाजूला ठेवा. लहान मुलांची नावं घेऊ नका. आणि जमलं तर आपला एखादा वार्ताहर तुर्भ्याच्या बाजारात पाठवून तिथल्या जुन्या माणसांना विचारा, तुम्ही कोणता सिनेमा अर्ध्यात सोडला? त्यांची उत्तरं वाचायला मला फार आवडेल.

मी वर सांगितलेल्या मराठी सिनेमाचं नाव वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलं आहे. नवरीमुलीचं काम करणारी नटी अगदी नवखी होती. नाव छापलं तर बोलणी तिला बसतील आणि लेखक-दिग्दर्शक सुटतील, असं मला वाटतं. तेव्हा नाव छापायचं की नाही ते आपण ठरवा. प्रसंग मात्र पूर्ण छापा, टिमकीसकट.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सेक्टर ९, वाशी, नवी मुंबई