आकड्यावर विश्वास ठेव, पण आधी तो येतो कुठून ते बघ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. गुडघ्याच्या दुखण्यातून उठून तू पुन्हा सायकलवर बसतोयस, मला आणखी काय हवं! आता तुझ्या खरेदीच्या यादीबद्दल. माझं ऐकशील तर त्यातल्या दोनच वस्तू घे: हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा आणि पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर.

पट्ट्याचं आधी सांगतो, कारण तिथे मी स्वतः पोळलोय. गेल्या हिवाळ्यात अगदी आरामात धावतानाही माझं घड्याळ मिनिटाला हृदयाचे ठोके 176 दाखवायचं. मी घाबरलो. दोन महिने वेग कमी करत गेलो, तरी आकडा हलेना. मग एका सकाळी सहज पावलं मोजली, तर मिनिटाला बरोबर 176! मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो ते बघतं. थंडीत कातडीतलं रक्त कमी होतं, हात हलत असतो, आणि मग पावलांच्या हादऱ्यालाच ते ठोका समजतं. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच पकडतो. पट्टा लावला त्या दिवशी, त्याच वेगाला, 142 आले. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी तो आकडा कितीतरी वेळ बघत होतो. दोन महिने फुकट गेले होते रे.

पण ठोकेही उशिराच बोलतात. चढ सुरू झाला की पाय लगेच जोर लावतात, हृदय मागून येतं. तू पहिल्याच मिनिटात जास्त जोर लावून बसतोस आणि ते कळतं तेव्हा पाय भरून आलेले असतात. तुझी ही सवय मला ठाऊक आहे! पॉवर मीटर इथेच कामाला येतो. क्रँकवर (पॅडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्यावर) किंवा पॅडलमध्ये धातूची अगदी पातळ पट्टी चिकटवलेली असते. तू जोर लावलास की क्रँक केसभर वाकतो, पट्टी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून जोर कळतो, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. उलरिच शोबरर या जर्मन इंजिनिअरने 1986 मध्ये या कामाला हात घातला, आणि माझ्या मते सायकलिंगमध्ये त्याहून मोठा शोध नंतर झालेला नाही. फक्त तापमान बदललं की पट्टीही बदलते, म्हणून निघण्याआधी मीटर शून्यावर आणायला विसरू नकोस.

महागडी चाकं मात्र सध्या राहू दे. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दहा टक्के वाढवायला तिथे साधारण तेहतीस टक्के जास्त ताकद लागते. आणि हवा अडवतं ते मुख्यतः आपलं शरीर. ब्रिटिश सायकलपटू डॅन बिगम हा मुळात हवेच्या रोधाचा अभ्यास करणारा इंजिनिअर. ऑगस्ट 2022 मध्ये त्याने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशनच्या ट्रॅकवर तासाभरात 55.548 किलोमीटर कापले. दोनच महिन्यांत इटलीच्या फिलिपो गन्नाने तिथेच 56.792 केले, आणि त्याच्या तयारीतही बिगमचा हात होता. कोपरं आत, डोकं खाली, हे तू आजपासून शिकू शकतोस.

खाण्याकडेही लक्ष दे. नुसतं ग्लुकोज आतड्यातून तासाला साधारण 60 ग्रॅमच आत जातं. फ्रुक्टोजची, म्हणजे फळांतल्या साखरेची, वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिळून 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं, आणि व्यावसायिक सायकलपटू आता 120 पर्यंतही घेतात. तू मात्र कमीपासून सुरुवात कर, पोटालाही सराव लागतो. दंडावर चिकटवायचा, शरीरातली साखर सतत मोजणारा ग्लुकोजचा सेन्सर यादीतून काढून टाक. शर्यतीत तो यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, 2021 पासून बंद केलाय, आणि मला तो निर्णय पटतो. भूक ओळखणं हा शर्यतीचाच भाग आहे.

मीटर बसवलास की आठवडाभर नुसती सायकल चालव. मग वीस मिनिटांची चाचणी दे, पूर्ण ताकदीने पण एकसारख्या जोराने. सरासरी वॅटचे 95 टक्के, म्हणजे साधारण तासभर टिकेल इतकी ताकद, धरून पुढचा सराव आपण दोघं मिळून आखू. आकडा आला की त्याच दिवशी कळव, आणि गुडघा कसा वाटला तेही लिही.

तुझाच,
जुना सोबती