एकच रथ, दोन प्रश्न

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुला मध्येच तोडलं, राग मानू नकोस. 'हिंदू काय नि बौद्ध काय, शेवटी सांगतात एकच' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण एकेकाळी हेच वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत फिरायचो! बोलण्यात तिडीक आली, म्हणून आता शांतपणे लिहितोय.

रथापासून सुरू करू. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. आणि आत बसलाय तो रथी, म्हणजे आत्मा. सगळी भिस्त त्या बसलेल्यावर. घोडे उधळोत, रथ मोडो, तो वेगळाच.

आता 'मिलिंदपञ्ह' हा बौद्धांचा पाली ग्रंथ घे. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. तो म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं नाव. त्यामागे कुणी सापडणार नाही. राजाला हे काही झेपत नाही. मग नागसेन उलट विचारतो, महाराज, चालत आलात की रथातून? रथातून. मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? राजा नाही-नाही म्हणत जातो. हे सगळं सोडून वेगळा असा रथ आहे का? तोही नाही. भाग जुळले की आपण 'रथ' म्हणतो. तसे रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची जाणीव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या घडणी), विज्ञान (भान) हे पाच स्कंध, म्हणजे माणसाचे घटक, जुळले की 'मी' म्हणतो.

यमाचा प्रश्न, रथात कोण बसलंय? नागसेनाचा प्रश्न, रथ तरी कुठाय? हे एकच कसं म्हणायचं, तूच सांग.

तुझा आक्षेप मात्र चोख होता. आत्मा नाही, पण कर्म आहे, पुनर्जन्म आहे, मग जन्म घेतो कोण? बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत याच विसंगतीवर बोट ठेवलंय. (ग्रंथ १९५७ साली आला, ते गेल्यानंतर.) त्यांनी लावलेली संगती अशी की पुनर्जन्म आत्म्याचा नाही, शरीर ज्या महाभूतांचं बनलं त्यांचा. नागसेन वेगळ्या वाटेने जातो. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग दुसरी? तसंही नाही. एका दिव्यावर दुसरा लावला, तर इकडून तिकडे काय गेलं? काहीच नाही, तरी दुसरा पेटला तो पहिल्यामुळेच. पुनर्जन्मही तसाच.

उपमा सुंदर आहे, पण ज्योतीला काही आठवत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हेच पकडलंय. काल पाहिलं ते आज आठवतं, तर पाहणारा आणि आठवणारा एकच हवा ना? मी पाहिलेलं तुला आठवत नाही. हा आक्षेप मला अजूनही जड वाटतो. 'आधीचा क्षण पुढच्या क्षणावर ठसा सोडून जातो' हे बौद्धांचं उत्तर मला समजतं, पण पुरतं पटत नाही.

गंमत पुढेच आहे. अद्वैतातला आत्मा हा आठवणारा, रडणारा, रुसणारा अनंता नव्हेच. तो नुसता साक्षी. बृहदारण्यक उपनिषदातल्या याज्ञवल्क्य ऋषीला विचारशील तर 'नेति नेति', हे नाही, तेही नाही. इतकं सोलत गेल्यावर शंकराचार्यांनाच विरोधक 'प्रच्छन्न बौद्ध', म्हणजे छुपा बौद्ध, म्हणू लागले, यात नवल नाही. पण वेदान्ताचं सोलणं एका ठिकाणी थांबतं, काहीतरी उरतंच. बुद्ध मात्र तेवढंही म्हणत नाही. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने त्याला विचारलं, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. नाही का? तरीही गप्प. वच्छगोत्त उठून गेला.

आणि 'हिंदू मत' असं एक गाठोडं बांधू नकोस. सांख्यांचे पुरुष, म्हणजे आत्मे, अनेक, अद्वैताचं ब्रह्म एक, आणि वेदातल्या यज्ञकर्मांचा विचार करणाऱ्या मीमांसकांना जग घडवणारा ईश्वर लागत नाही. बौद्धांतही शून्यवादी आचार्य नागार्जुन आला की संसार आणि निर्वाण यांत फरकच उरत नाही. कोणाशी कोणाची तुलना करतोस ते आधी ठरव.

माझी स्वतःची अडचण मात्र बृहदारण्यकात झाली. आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, माणूस मेल्यावर वाणी अग्नीत जाते, प्राण वायूत, डोळा सूर्यात, मन चंद्रात, शरीर पृथ्वीत, आत्मा आकाशात. मग हा पुरुष असतो कुठे? बघ, आत्मासुद्धा गेला! याज्ञवल्क्य म्हणतो, बाबा, हात दे, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात. उपनिषद एवढंच सांगतं की ते जे बोलले ते कर्माविषयी बोलले. हे वाचलं त्या रात्री मला नागसेनाचा दिवा आठवत राहिला.

शंकराचार्य तिथल्या 'आत्मा'चा अर्थ हृदयातलं आकाश असा घेतात. तुझं संस्कृत माझ्यापेक्षा बरं आहे. तिसरा अध्याय, दुसरं ब्राह्मण (म्हणजे प्रकरण). मूळ वाच आणि तो अर्थ तुला पटतो का, ते कळव. फोन नको, पत्रच लिही.

तुझाच,
दिगंबर