माझी एम.ए. कुठल्या लेव्हलमध्ये बसते?

माननीय कार्मिक मंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझ्या शिक्षणाचा आणि वरच्या पदाच्या कामाचा मोबदला मागणारा माझा अर्ज सोमवारी दुपारी परत आला. कोपऱ्यात एकच ओळ होती: ‘भरती नियमांत तरतूद नाही.’ याच विनंतीवर ‘मार्चपर्यंत होऊन जाईल’ असे मला गेल्या वर्षी तोंडी सांगितले होते. मार्च गेला, चतुर्थीही गेली.

मी डिचोली तालुक्यातली. पणजीत एका सरकारी कार्यालयात २०१७ पासून एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ), म्हणजे शिपाई आहे. या पदाला दहावी पुरते आणि पगार पदाचा असतो, माणसाच्या शिक्षणाचा नसतो, हे मला ठाऊक आहे. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात मी लेव्हल १ला, म्हणजे पगाराच्या सर्वांत खालच्या पायरीवर, सुरुवातीचे मूळ वेतन १८,०००. एलडीसी (कनिष्ठ लिपिक) लेव्हल २ला, १९,९००. यूडीसी (वरिष्ठ लिपिक) लेव्हल ४ला, २५,५००. आठ वार्षिक वाढी मिळून आज माझे मूळ वेतन २२,८०० आहे. दहा वर्षे भरली की एमएसीपीने, म्हणजे बढती न मिळताही वरची लेव्हल देणाऱ्या योजनेने, लेव्हल २ मिळेल. म्हणजे बारावी झालेली मुलगी एलडीसी म्हणून पहिल्या दिवशी जिथे बसते, तिथे मी एम.ए. होऊन २०२७ला पोचणार.

तरीही हा नियम मी मुकाट्याने मान्य केला असता, पदाचेच काम दिले असते तर. राजभाषा कायदा १९८७चा. त्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. आमच्याकडे गावागावांतून मराठी अर्ज येतात. सेक्शनमध्ये मराठी मसुदा नीट लिहिणारे कोणी नाही, मग मला हाक येते. चहाचे कप विसळायचे, हात पुसायचे आणि उत्तर लिहायचे. सही दुसऱ्याची. मसुदा आवडला की साहेब म्हणतात, ‘छान लिहितेस गो.’ ते छान पगारपत्रकात कुठे दिसत नाही, मंत्रिमहोदय.

केंद्राने २०१९मध्ये नोकरीत असताना पदवी मिळवणाऱ्यांना १०,००० ते ३०,००० रुपये एकरकमी देण्याचा आदेश काढला. त्यातही निव्वळ साहित्याचे विषय वगळले. मराठी शिकलेल्याने जायचे कुठे?

२०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा बाबांचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते मात्र चालू राहिले. म्हणून बी.ए. होऊन मी हे पद घेतले. एम.ए. नंतर केले, पहाटे चारला उठून, कदंबच्या बसमध्ये उभ्याने वाचून. माझ्यासारखे पदवीधर शिपाई तुमच्या प्रत्येक खात्यात भेटतील. सरकारला आमचे शिक्षण फुकट वापरायला चालते. त्याचा मोबदला मागितला की नियमांचे पुस्तक उघडते. शाळेत आम्हाला ‘शिका, मोठे व्हा’ म्हणणारी व्यवस्था आणि हे पुस्तक लिहिणारी व्यवस्था एकच आहे ना?

मला फुकटची बढती नको. एमटीएसमधून एलडीसी होण्यासाठी दरवर्षी खात्यांतर्गत परीक्षा घ्या, तारीख आधी जाहीर करा. वरच्या पदाचे काम करून घ्यायचे असेल तर लेखी आदेश द्या आणि भत्ता द्या. आणि माझ्या अर्जाला एका ओळीऐवजी कारणांसह उत्तर द्या.

साळ गावच्या एका आजोबांचा अर्ज शुक्रवारपासून पडून आहे. उत्तर मराठीत हवे. उद्या मीच लिहीन, कारण त्यांना थांबवून ठेवणे मला जमणार नाही.

आपली,
लेव्हल १ची एक कर्मचारी