जिल्ह्याचे नाव बदलले, सभासद-यादीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या नामांतरांवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. मात्र पतसंस्था, वाचनालये, निवृत्तांच्या संघटना यांच्या संगणकांत सभासदांच्या ज्या नोंदी आहेत, त्या कशा बदलायच्या याविषयी माझ्या वाचनात काही आले नाही. एका निवृत्त शिक्षक संघटनेचा मानद कार्यवाह म्हणून मी सभासद-यादी सांभाळतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमची यादी एक्सेलमध्ये असून प्रत्येक सभासदाच्या ओळीत नाव, पत्ता, तालुका, जिल्हा आणि पिनकोड टंकलेला आहे. नवी नावे घालायचे ठरले तेव्हा ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरून संपूर्ण यादीत एकदम बदल करण्यात आला. काम दोन मिनिटांत झाले, आणि औरंगाबादकर आडनावाच्या आमच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंच्या घरी पुढचे त्रैमासिक ‘छत्रपती संभाजीनगरकर’ या नावाने जाऊन पडले. ते पाकीट घेऊन त्या कार्यालयात आल्या, तेव्हा त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. ज्यांनी उभी हयात हजेरीपटावर मुलांची नावे काना-मात्रा न चुकवता लिहिली, त्यांचेच आडनाव त्यांच्या संघटनेने बदलून टाकावे, याची मला आजही खंत वाटते. कित्येकांनी जिल्ह्याच्या रकान्यात नुसतेच ‘नगर’ लिहिले होते. तेथेही हीच युक्ती केली असती, तर गणेशनगरचे ‘गणेशअहिल्यानगर’ झाले असते. शिवाय औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे आणि त्याचे नाव बदललेले नाही.

जेथे बदल व्हायला हवा होता, तेथे तो झालाच नाही, ही दुसरी बाजू. कोणी ‘उस्मानबाद’ लिहिलेले, कोणी ‘उ’बाद’, कोणी रोमन लिपीत. सर्वांत कठीण नोंदी श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतल्या (फॉन्टमधल्या) निघाल्या. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण आत साठवलेली चिन्हे निराळीच असल्यामुळे युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, शोध घेतला, तर संगणकाला ती नोंद सापडतच नाही. तशा नोंदी आम्ही अजून एकेक करून हाताने दुरुस्त करत आहोत.

माझ्या मते मूळ दोष ‘शोधा आणि बदला’चा नाही. शेकडो सभासदांना समान असलेली माहिती आपण शेकडो वेळा टंकली, हा खरा दोष आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. त्यांची ३६ ओळींची यादी वेगळ्या पानावर ठेवावी, प्रत्येक जिल्ह्याला एक सांकेतांक द्यावा आणि सभासदाच्या नोंदीत केवळ तो सांकेतांक असावा. मग नाव बदलले की एकाच ओळीत दुरुस्ती होते आणि कोणाच्या आडनावाला किंवा गल्लीच्या नावाला धक्का लागत नाही. हे सांकेतांक मनाने ठरवण्याचीही गरज नाही, कारण केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हा, तालुका आणि गावांना सांकेतांक दिलेले आहेत. पती-पत्नी दोघेही सभासद असतील, तर त्यांच्या पत्त्यालाही हेच लागू आहे. घर बदलल्याचे एकाने कळवले, की दुसऱ्याच्या नावाची टपाल जुन्याच घरी जात राहते.

मात्र जिल्ह्याचे विभाजन झाले, तर केवळ नाव बदलून भागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांतील सभासदच तेवढे नव्या जिल्ह्यात जायला हवे होते. ज्यांच्या नोंदीत तालुक्याचा रकाना रिकामा होता, असे वसईचे आमचे काही सभासद अजूनही ठाणे जिल्ह्यातच दिसतात. नव्या नावाच्या भरात जुने दस्तऐवज बदलणेही चुकीचे आहे. २०१९ च्या वर्गणीच्या पावतीवर औरंगाबाद असेल, तर तिच्या संगणकातील प्रतीवरही तेच राहिले पाहिजे.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की असा सरसकट बदल करण्यापूर्वी यादीची प्रत बाजूला काढून ठेवावी, किती नोंदी बदलायला हव्यात हे आधी मोजावे, बदल फक्त जिल्ह्याच्या रकान्यापुरता करावा आणि नंतरचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा. शासनानेही यापुढे नामांतराच्या किंवा विभाजनाच्या अधिसूचनेबरोबर जुने नाव, नवे नाव, सांकेतांक आणि समाविष्ट तालुके यांचा तक्ता युनिकोड मराठीत उपलब्ध करून द्यावा. विनावेतन काम करणाऱ्या लहान संस्थांच्या कार्यकर्त्यांना तो थेट आपल्या यादीला जोडता येईल.

आपला विश्वासू,
एक मानद कार्यवाह, पुणे