नवी माणसं भाव चढल्यावरच येतात

मा. संपादक,
स. न.

कालच्या अर्थपानावरचा बिटकॉइन या आभासी चलनाचा लेख दोनदा वाचला. गुंतवणूकदार वाढले, २०२४ मध्ये अमेरिकेने थेट बिटकॉइन ठेवणाऱ्या ईटीएफला (म्हणजे शेअरसारखा घेता-विकता येणाऱ्या फंडाला) परवानगी दिली, आता भावातली उलथापालथ कमी होत जाणार, असा त्याचा सूर. बाजार मोठा झाला की एकट्यादुकट्याच्या विक्रीने भाव हलत नाही, हे मान्य. २०१८ मध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरण झाली होती, तेवढी नंतर झाली नाही, हेही खरं. पण नोव्हेंबर २०२१ चे ६९ हजार डॉलर वर्षभरात १६ हजारांच्या खाली आले, त्याबद्दल लेखात एक ओळही नसावी?

माझ्या पुतण्याने नेमके त्याच नोव्हेंबरात बहिणीच्या लग्नाचे तीन लाख त्यात घातले. "काका, आता सगळेच घेऊन राहिले," असं म्हणाला होता. हा बाजार रात्रीही बंद होत नाही. पोरगा रात्री दोनला उठायचा, आईला कळू नये म्हणून दिवा न लावता स्वयंपाकघरात उभा राहून मोबाइल बघायचा. पुढच्या नोव्हेंबरात विकलं तेव्हा जेमतेम पाऊण लाख हाती आले. त्यातूनही एक टक्का टीडीएस कापला. नफा झाला तर तीस टक्के कर, तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही, असा आपला कायदा. वहिनींनी इतवारीत जाऊन पाटल्या मोडल्या, तेव्हा लग्न पार पडलं.

तुमच्या लेखकांनी सरासरी काढली. पण नवा माणूस सरासरी भावाने घेत नाही. शेजारच्याला नफा झाल्याचं कानावर आलं की तो येतो, म्हणजे भाव चढल्यावरच. गर्दी सर्वांत जास्त असते तेव्हाच घसरणही जवळ असते, आणि तिचा मार याच नव्या लोकांना बसतो. मोठ्या संस्था भाव सावरतील म्हणावं, तर २०२२ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार पडला तसा बिटकॉइनही त्याच्याबरोबरच पडला. लग्नाचा, शिक्षणाचा पैसा यात घालू नका, एवढं तरी त्या लेखात ठळक छापायला हवं होतं.

आणखी एक. कळमना बाजारातले संत्र्याचे भाव तुम्ही पंधरा दिवसांपासून छापलेले नाहीत. काटोलला माझी दोन एकर बाग आहे, आंबिया बहार तोडणीला आलाय. ते कृपया पुन्हा सुरू करावेत.

— एक जुना वाचक, मानेवाडा, नागपूर