औषध दुकानदारांची संघटना फक्त बंदपुरतीच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

औषध दुकानांची बातमी वृत्तपत्रात येते ती बहुधा दोनच प्रसंगी: संघटनेने बंद पुकारला तर, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाने काही दुकानांचे परवाने निलंबित केले तर. धायरीत गेली एकवीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवतो आणि संघटनेची वर्गणी न चुकता भरतो. बंदच्या दिवशी शटर खाली ओढताना मात्र दर वेळी मनात येते, की वर्षाच्या उरलेल्या दिवसांत या संघटनेचे आमच्या भागात काम काय?

तिने केलेले काम मी नाकारत नाही. मुदत संपलेला माल कंपनीने परत घ्यावा, त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाची रक्कम जमा दाखवणारी चिठ्ठी, सहा-सहा महिने रखडू नये, यासाठी एकटा दुकानदार कुणाकुणाशी भांडणार? २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के मार्जिन धरले आहे आणि त्यातूनच दुकानाचे भाडे, फ्रिजची वीज व फार्मासिस्टचा पगार निघायचा असतो. अशा वेळी मागे संघटना हवीच. पण हेच बळ कंपन्यांना स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, नेमण्याआधी संघटनेचे ‘ना हरकत’ पत्र घ्यायला लावण्यासाठी वापरले गेले तेव्हा, २०१३ मध्येच, भारतीय स्पर्धा आयोगाने अखिल भारतीय संघटनेला दोषी ठरवले, हेही आम्ही विसरू नये.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. साडेनऊच्या सुमारास एक गृहस्थ भिजलेली चिठ्ठी घेऊन काउंटरवर आले. मुलीच्या फिट्सच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि तो ब्रँड महिनाभर ‘शॉर्ट’ होता. नऱ्हे, वडगाव, आनंदनगर अशी सहा दुकाने पालथी घालून ते धायरीत पोहोचले होते. माझ्याकडेही गोळ्या नव्हत्या. फिट्सच्या औषधाची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये आणि डॉक्टरांचा फोन बंद. मी ओळखीच्या दुकानदारांना एकेक फोन लावत गेलो, तेव्हा पाचव्या फोनला माणिकबागेतल्या एका दुकानात दोन पट्ट्या निघाल्या. गृहस्थ माझे आभार मानून गेले, पण मला अवघडल्यासारखे झाले. त्या पट्ट्या तिथे आहेत हे कळले ते माझ्या वैयक्तिक ओळखीमुळे. शेजारच्या चौकात नुकतेच दुकान टाकलेल्या तरुणाकडे ते गृहस्थ गेले असते, तर त्याने कुणाला फोन लावला असता? कोणते औषध कुठे शिल्लक आहे आणि आज रात्री परिसरातले कोणते दुकान उघडे आहे, एवढे जरी एका जागी कळले तरी रात्रीची निम्मी वणवण वाचेल.

इंग्लंडमध्ये औषध दुकानदारांच्या वतीने बोलणाऱ्या स्थानिक समित्यांना कायद्यानेच मान्यता आहे. सरकारी आरोग्यसेवेसाठी औषधे देणारी दुकाने त्यांत येतात, खर्चासाठी त्यांच्याकडूनच वर्गणी घेतली जाते आणि भागात नवे औषध दुकान निघायचे असेल तर आरोग्य यंत्रणेला समितीचे मत विचारावे लागते. तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही, कारण तिथे दुकानाला मोबदला मुख्यतः सरकारकडून मिळतो आणि आपल्याकडे बहुतेक औषधे रुग्ण स्वतःच्या खिशातून घेतो. पण दुकानदारांच्या वतीने बोलायला एक ठरलेली जागा असावी आणि त्या जागेबरोबर जबाबदारीही यावी, एवढे तरी घेण्यासारखे आहे.

पुण्यात ही जागा जिल्हा पातळीवर असून भागणार नाही. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. धायरी पहिल्या ११ पैकी. जिल्ह्याच्या संघटनेला आमच्या गल्ल्या ठाऊक असाव्यात अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत दुकानदारांची एक छोटी समिती असावी आणि आरोग्य विभागाने तिला ठरावीक काळाने बोलावून घ्यावे. क्षयरोगाचेच पाहा. मार्च २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार क्षयरोगाची औषधे देणाऱ्या दुकानदारानेही रुग्णाची माहिती सरकारला कळवायची आहे. ही औषधे एच-१ अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, असल्याने त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते, म्हणजे माहिती दुकानात लिहिलेली असतेच. ती कुणाला, कशी कळवायची हे मात्र मला एका वैद्यकीय प्रतिनिधीकडून, तेही चहा पिताना, कळले. औषध निरीक्षक दुकानात येतात ते तपासणीला. शिकवणे हे त्यांचे काम नाही आणि तेवढा वेळही त्यांना नाही.

समितीत कोण असावे, यावर वाद होईल आणि तो व्हायलाच हवा. निव्वळ मालकांची समिती झाली तर ती मार्जिन आणि सवलतींच्या पलीकडे जाईल असे मला वाटत नाही. पगारी फार्मासिस्ट तिच्यात निम्मे तरी हवेत. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. तरीही परवान्यावर नाव एकाचे आणि काउंटरवर दुसराच, हा प्रकार आमच्या व्यवसायात सर्वांना माहीत आहे. ऑनलाइन औषधविक्रीला विरोध करताना आम्ही रुग्णाच्या सुरक्षिततेचा दाखला देतो आणि तो मला मनापासून पटतो. पण असे फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घेऊन दुकान चालवणाऱ्याला आपल्याच समितीने आधी जाब विचारला नाही, तर त्या दाखल्यावर ग्राहकाने का विश्वास ठेवावा?

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या सर्वसाधारण सभेत सिंहगड रस्ता परिसरातील रात्रपाळीचा विषय घ्यावा. दहा दुकाने तयार झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून तीनच रात्री येतात. पहिल्या तीन रात्रींसाठी माझ्या दुकानाचे नाव लिहून घ्यावे.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता व नोंदणीकृत फार्मासिस्ट
धायरी, पुणे